गडावरचे शब्द : माची, जंगी, दिंडी, शरभ म्हणजे नेमकं काय?

गडावर शब्दांची वाण नसते. पाटीवर 'चोरदिंडी' लिहिलेलं असतं, सोबतचा जाणकार 'ही माची, तो बालेकिल्ला' असं बोट दाखवून सांगतो, देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे हेही कळतं. कळत नाही ते एवढंच, की ती गोष्ट तिथेच का आहे आणि तिचं काम काय होतं. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. नुसते 'किल्ले' न म्हणता 'भूदृश्ये' म्हटलं हे फार बरं झालं. कारण डोंगर, झाडी, पाणी, तट आणि देव या सगळ्यांची मिळून गड ही एक यंत्रणा होते, आणि तिथला जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे त्या यंत्रणेतल्या एखाद्या कामाचं नाव आहे. ते काम ध्यानात आलं की पडका तटसुद्धा वाचता येतो. तेव्हा पायथ्यापासूनच वर जाऊ.

डोंगराचे शब्द

सह्याद्रीचा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थर उभा तुटतो, तो कडा. ठिसूळ थर झिजून उताराला लागतो आणि दोन कड्यांच्या मध्ये झाडीची आडवी पट्टी उरते, तिला पदर म्हणतात. गडाची सगळी मांडणी या नैसर्गिक टप्प्यांवर बेतलेली असते. पदरात पहारे, त्यावरच्या सपाटीवर माची, सर्वांत वरच्या कातळमाथ्यावर बालेकिल्ला.

कडा अखंड असेल तिथे सहसा तट बांधत नसत. उगाच दगड-चुना कोण घालवील? जिथे कडा फुटतो तिथे तट येतो. त्यामुळे गडावर तट कुठे जाड आणि उंच आहे हे पाहिलं की डोंगर कुठे कच्चा होता ते कळतं. कधी कडा होता पण पुरेसा उभा नव्हता, मग तो छिन्नीने तासत. असा तासलेला कडा जवळून पाहिला तर एका दिशेने उतरणारे छिन्नीचे घाव अजून दिसतात.

कडा फुटण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, म्हणून शब्दही वेगवेगळे. कड्याला वरपासून खालपर्यंत पडलेली चिंचोळी, दगडगोट्यांनी भरलेली उभी चीर म्हणजे नाळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी उतरतं, एरवी माणूस चढतो, आणि शत्रूही. म्हणून नाळेच्या माथ्यावर हमखास बांधकामाची खूण सापडते. डोंगराचा बाहेर लांबवर उतरत गेलेला फाटा म्हणजे सोंड. ती बहुधा चढायला सर्वांत सोपी, त्यामुळे गडाची राबती वाट अनेकदा सोंडेवरूनच येते. दोन्ही बाजूंना उतार असलेली चिंचोळी कड म्हणजे धार. दोन डोंगरांमधली खालची जागा म्हणजे खिंड. कातळ आरपार झिजून पडलेलं भोक म्हणजे नेढं. सुईच्या भोकालाही आपण नेढंच म्हणतो. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं आणि रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं प्रसिद्ध आहे. घसारा म्हणजे उतारावरची सुटी माती आणि बारीक खडी. नवख्यांचे पाय बहुतेक इथेच सुटतात, आणि चढताना नव्हे, उतरताना.

शेजारच्या डोंगराबद्दलही दुर्गशास्त्रात स्पष्ट सूचना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या मराठेशाहीतल्या राज्यनीतीच्या ग्रंथात सांगितलं आहे की गडाजवळ दुसरा पर्वत असू नये. असला तर सुरुंग लावून तो गडाच्या आहारी, म्हणजे आवाक्यात आणावा. तेही जमत नसेल तर ती जागा मोकळी न सोडता बांधून मजबूत करावी. पुरंदरला हाच प्रश्न होता. भैरवखिंडीपलीकडे वज्रगड उभा आहे. तो बांधलेलाही होता, पण १६६५ च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांच्या मुघल फौजेने आधी तोच घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा चालवल्या. पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी पडले, जूनमध्ये तह झाला आणि तेवीस किल्ले द्यावे लागले. रायगडाच्या बाबतीत १८१८ साली इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगराचा असाच उपयोग केला.

घेरा आणि मेट

गडाचा पायथा आणि उतार मिळून जो वेढा होतो तो घेरा. घेरा पुरंदर, घेरा सुमारगड अशी गावांची नावं आजही कागदोपत्री आहेत. या घेऱ्यातल्या वाटांवर मोक्याच्या ठिकाणी जी पहाऱ्याची चौकी असे ती मेट, आणि ती सांभाळणारे मेटकरी. तोरण्याखालचं मेटपिलावरे हे गाव नावातच ती खूण बाळगून आहे. मेटाला तट नसतो. चार-दोन जोती, एखादं पाण्याचं टाकं आणि शेंदूर लावलेला देव, एवढंच आज दिसतं. म्हणून ट्रेकर मंडळी तिथून न थांबता पुढे जातात. पण गडाचा पहिला पहारा तिथे होता, दरवाज्यात नव्हे.

घेऱ्यातली झाडी हीसुद्धा संरक्षणाचा भाग होती. ती वाढवावी, सोपी वाट असेल तर मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, असं आज्ञापत्र सांगतं. याच्या उलट, तटाच्या लगत झाड असणं घातक. लपायलाही सोपं आणि चढायलाही.

दरवाजा : सर्वांत जास्त डोकं इथे लावलेलं आहे

दरवाजा म्हणजे तटाला मुद्दाम पाडलेलं भोक. ते धोक्याचं, पण टाळता येत नाही. त्याला चार भीती : तोफेचा थेट मारा, हत्तीची धडक, आग आणि सुरुंग. दरवाज्याचा एकेक भाग यातल्या एकेका भीतीवरचा तोडगा आहे.

तोफेवरचा तोडगा म्हणजे गोमुखी रचना. दरवाजा समोर न ठेवता दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड लपवायचा. रायगडाचा महादरवाजा हा याचा उत्तम नमुना. अगदी जवळ पोचेपर्यंत दरवाजा नेमका कुठे आहे ते उमगत नाही. लांबून तोफ लावावी तर समोर फक्त बुरुजाची पाठ. जवळ यावं तर तोफ उभी करायला सपाट जागा नाही आणि डोक्यावर दोन्ही बुरुजांचा मारा. हत्तीचीही तीच अडचण. त्याला धडक द्यायला सरळ धावपट्टी लागते आणि वळणामुळे ती मिळत नाही. उरलेलं काम दारावरचे लोखंडी खिळे करतात. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर असतात. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर ते अजून आहेत, हात लावून पाहता येतात. आगीसाठी लाकडावर लोखंडी पट्ट्या, आणि सुरुंगवाला दारापर्यंत पोचूच नये म्हणून वरून नजर ठेवणाऱ्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची तिरकी भोकं.

गडावरच्या बहुतेक दरवाज्यांची लाकडी दारं आज नाहीत, तरी ती कशी होती हे दगडावरून सांगता येतं. चौकटीच्या आत दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं दिसतात. एका बाजूचं भोक वीतभर खोल असतं, दुसऱ्या बाजूचं काही हात. ही अडसराची जागा. अडसर म्हणजे दाराला आतून आडवा लावायचा जाडजूड वासा. दार उघडायचं तेव्हा तो पूर्ण खोल भोकात सारून ठेवत, बंद करताना ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवत. वर आणि खाली दगडात गोल खळगे असतील तर त्यात दाराच्या कण्याची टोकं फिरत असत. एवढ्या वजनाच्या दाराला बिजागरी टिकणार नाही, म्हणून ही सोय. खळग्याची कड किती गुळगुळीत झाली आहे यावरून दाराचा वापर किती झाला याचाही अंदाज येतो.

मोठ्या दाराच्या एका फळीत बसवलेलं लहान दार म्हणजे दिंडी. मोठं दार रोज उघडत नसत, येणंजाणं दिंडीतून. तिच्यातून आत यायचं तर वाकावं लागतं, डोकं आधी आत येतं, आणि एका वेळी एकच माणूस येऊ शकतो. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी ओवऱ्या असतात, त्या देवड्या. नावात देव दिसला तरी त्या देवासाठी नाहीत. देवासाठी भिंतीत कोनाडा करतात ती देवळी. या दोन शब्दांची गल्लत पाट्यांवरसुद्धा आढळते.

चोरदिंडी निराळी. ती तटाच्या अडचणीच्या, कड्याकडच्या बाजूला असते. वेढा पडला असताना बातमी पाठवणं, अचानक बाहेर पडून वेढा घालणाऱ्यांच्या मोर्च्यांवर छापा घालणं आणि अगदीच वेळ आली तर निसटणं, ही तिची कामं. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष मानला आहे. एक, दोन, तीन दरवाजे आणि तशाच चोरदिंड्या कराव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा आज्ञापत्राचा दंडक आहे. चोरदिंडीला 'भुयार' म्हणून थेट दुसऱ्या गडापर्यंत पोचवणाऱ्या कथा पुष्कळ ऐकायला मिळतात. बेसाल्टच्या अखंड डोंगरातून मैलोन् मैल बोगदा खणणं, त्यात हवा खेळती ठेवणं आणि पावसाळ्याचं पाणी काढणं त्या काळी शक्य नव्हतं. चोरदिंडी तटातून बाहेर पडते आणि उतारावर उघडते, इतकंच.

तट, बुरूज, जंगी

तट म्हणजे एकसंध दगडी भिंत नव्हे. बाहेरून एक घडीव दगडांची भिंत, आतून एक, आणि मधल्या पोकळीत मुरूम-दगडाचा भराव. ही रचना तोफेचा गोळा चांगला पचवते. कच्चेपणा आहे तो पाण्याचा. वरचा चुन्याचा गिलावा फुटला की पावसाचं पाणी भरावात उतरतं, भराव फुगतो आणि बाहेरची भिंत पोटासारखी पुढे येते. अशी फुगलेली भिंत दिसली तर तिच्याखाली डबा खायला बसू नये. दुसरा वैरी म्हणजे सांध्यात रुजलेला वड, पिंपळ, उंबर. नुसतं खोड तोडलं तर तो पुन्हा फुटतो आणि मूळ ओढून काढलं तर दगड घेऊनच येतं. रोप बोटभर असतानाच ते काढणं हाच खरा उपाय. संवर्धनाचा उत्साह असलेल्या मंडळांनी एवढं एक काम दर पावसाळ्यानंतर केलं तरी कितीतरी तट वाचतील.

तटावरून चालायची वाट म्हणजे फांजी. फांजीच्या बाहेरच्या बाजूला माणसाला आड देणारी जी पाकळ्यांसारखी रांग दिसते त्या चर्या. चर्येत किंवा तटात तिरकं पाडलेलं भोक म्हणजे जंगी. आतून रुंद, बाहेरून अरुंद, आणि तळ बाहेरच्या बाजूला उतरता. आतला माणूस बंदूक डावी-उजवीकडे फिरवू शकतो, बाहेरच्याला मात्र नेम धरायला जेमतेम फट दिसते. काही ठिकाणी एकाच कोनाड्यातून दोन-तीन दिशांना जंग्या काढलेल्या असतात.

प्रत्येक भोक जंगी नसतं. तटाच्या बाहेर डोकावणारी दगडी पन्हळ फांजीच्या तळाशी असेल तर ती पावसाचं पाणी बाहेर टाकण्यासाठी. एकाच ओळीत ठराविक अंतरावर चौकोनी, आडवी आणि दोन्हीकडे सारख्या मापाची भोकं असतील तर ती बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे खोचण्यासाठी ठेवलेली. डोळा लावून पाहावं : खालची वाट दिसली तर जंगी, नुसतं आभाळ दिसलं तर नव्हे.

बुरूज गोल असण्याला दोन कारणं आहेत. गोळा गोलाईवरून घसरतो, आणि कोपरा नसल्याने तटाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला जागा उरत नाही. दोन बुरुजांमधला तट दोन्हीकडून माऱ्यात येतो. राजगडाच्या संजीवनी माचीवर याच्याही पुढचा विचार दिसतो. तिथे तट दुहेरी आहे आणि बुरुजांना बाहेरून आणखी एक कवच घातलं आहे, म्हणून ते चिलखती बुरूज. बाहेरचा तट ओलांडून कुणी आत उतरलाच तर तो दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात सापडतो, वरून मारा सुरू, आणि मागे फिरायलाही जागा नाही. तिथल्या पायऱ्या उतरून त्या बोळात स्वतः उभं राहावं. चित्र पाहून हे कळत नाही.

माची आणि बालेकिल्ला यांत फरक कामाचा आहे. माचीवर शिबंदी (गडाची फौज), घरं, घोडी, बाजार. बालेकिल्ला हा शेवटचा आसरा. फारसीतला 'बाला' म्हणजे वरचा. माची पडली म्हणजे गड पडला असं होत नाही. पुरंदरला माची गेल्यावरही बालेकिल्ला तह होईपर्यंत लढत होता. राजगडाला पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, तोरण्याला झुंजार आणि बुधला. त्यांतली प्रत्येक निराळ्या सोंडेवर आहे, कारण सोंड मोकळी सोडली तर ती शत्रूची वाट होते.

पाणी

आधी पाणी बघावं, मग गड बांधावा, हा पहिला नियम. गडावरचं टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. जुन्या लेण्यांच्या शिलालेखांत यालाच पोढी म्हटलं आहे. खडक कुठेही फोडून टाकं होत नाही. दोन लाव्हाथरांच्या मध्ये पुष्कळदा लालसर, मऊ मातीसारखा थर असतो. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी तिथे अडतं आणि आडवं वाहू लागतं. जाणत्यांनी टाकी नेमकी त्या पातळीवर काढलेली दिसतात. कड्याच्या पोटात, अगदी अवघड जागी टाकं का आहे, याचं उत्तर बहुधा हेच. तोंडाच्या वर कातळात कोरलेली बारीक पन्हळ दिसली तर ती वरून वाहणारं पाणी टाक्यात वळवण्यासाठी, किंवा गढूळ पाणी बाजूला काढण्यासाठी आहे. कोणत्या दिशेला उतार आहे ते पाहिलं की दोन्हींतला फरक ओळखू येतो.

आत कातळाचेच खांब सोडून खोदलेलं ते खांबटाकं. वरचा कातळ छत म्हणून राहतो, ऊन लागत नाही, पाणी उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरतं. टाक्यातून निघालेला दगड तटाला लागे, त्यामुळे एका खोदाईत दोन कामं होत.

झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, हे आज्ञापत्राने आवर्जून सांगितलं आहे. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो, असं कारण दिलं आहे. म्हणून दोन-चार टाकी-तळी 'जखिऱ्याचं पाणी' म्हणून राखून ठेवायची, त्यातलं एरवी खर्चायचंच नाही. जखिरा म्हणजे साठा. आज गडावर एखादं टाकं मुख्य वस्तीपासून दूर आणि तरीही उत्तम घडणीचं दिसलं तर हा शब्द आठवावा. समुद्रातल्या गडांवर प्रश्न गोड्या पाण्याचा. मालवणच्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड आहेत. बाव म्हणजे विहीर.

दारू, भांडी आणि अंबरखाना

जुन्या कागदांत गडावर 'इतकी भांडी' असल्याचा उल्लेख आला तर तो स्वयंपाकघराचा नव्हे. भांडं म्हणजे तोफ. दारू म्हणजे बंदुकीची दारू : सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा. यातला सोरा हवेतली ओल ओढतो, आणि ओली दारू पेट घेत नाही. सह्याद्रीतल्या चार महिन्यांच्या पावसात ही मोठीच डोकेदुखी. म्हणून दारूखाना वस्तीपासून आणि सदरेपासून, म्हणजे गडाच्या कचेरीपासून दूर, तळघर करून, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने, म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्याने, समक्ष येऊन दारू बाहेर काढून उन्हात टाकून पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशी शिस्त होती. तेव्हा गडावरच्या प्रत्येक जाड भिंतीच्या खोलीला 'दारूकोठार' म्हणण्याआधी ती वस्तीपासून किती लांब आहे ते पाहावं. मधोमध असेल तर ती बहुधा धान्याची. धान्यकोठाराला अंबरखाना म्हणतात. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती या नावांच्या तीन कोठ्या आहेत. धान्य मोजायचं खंडीने. वीस मण म्हणजे एक खंडी.

गोल चरात फिरणारं दगडी चाक दिसलं तर ती चुन्याची घाणी. तेलाची नव्हे. विरवलेला चुना आणि वाळू बैल लावून त्यात दळत. दळण जितकं बारीक आणि एकजीव, तितका चुना चिवट.

वेढ्याचे शब्द, जे आपण रोज वापरतो

शत्रूने गडासमोर खणलेली, आडोसा केलेली जागा म्हणजे मोर्चा. तिथून पुढे सरकत येणं ही मोर्चेबांधणी. तटाच्या उंचीला उंचीने उत्तर द्यायचं म्हणून लाकडाचा किंवा मातीचा उंच चौथरा रचून त्यावर तोफा चढवत, तो दमदमा. पुरंदरच्या वेढ्यात सफेद बुरुजासमोर असा लाकडी दमदमा उभा केला होता. सगळं बळ एकवटून चहूकडून चढाई करणं म्हणजे सुलतानढवा. फौजेच्या पुढच्या तुकडीला बिनी म्हणत, म्हणून 'बिनीचा शिलेदार'. मागची राखण करणारी ती चंदावल. आघाडी-पिछाडी हे निवडणुकीच्या बातम्यांतले शब्द तर घोड्याच्या तबेल्यातही होते : अगाडी म्हणजे पुढचे पाय बांधायची दोरी, पिछाडी मागच्या पायांची.

गडाचा कारभार हवालदार, सरनोबत (शिबंदीचा मुख्य) आणि सबनीस (हजेरी-हिशेब लिहिणारा) या तिघांनी बरोबरीने करायचा, आणि सामानाचा हिशेब कारखानिसाने. ही माणसं वेगवेगळ्या जातींतली नेमत, म्हणजे एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये.

रात्रीची गस्त म्हणजे छबिना. फारसीत शब म्हणजे रात्र, त्यावरून आलेला हा शब्द. गडांवरची गस्त संपली, पण छबिना देवाकडे राहिला. गावोगावच्या जत्रेत रात्री देवाची पालखी वाजतगाजत निघते तिलाही छबिनाच म्हणतात. नगारखाना आणि नौबत हेही गड आणि देऊळ दोघांनी वाटून घेतलेले.

दरवाज्यावरचे प्राणी, उंबऱ्यावरचे देव

दरवाज्याच्या कमानीच्या दोन्ही अंगांना सिंहासारखा प्राणी कोरलेला असतो. खांद्याशी कधी पंखांची खूण, पंजाखाली किंवा शेपटीत हत्ती. हा शरभ. शैव पुराणांत याची कथा येते. हिरण्यकशिपूला मारल्यावरही नरसिंहाचा कोप शमेना, तेव्हा शंकराने सिंह आणि पक्षी यांचा मेळ असलेलं शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं. ग्रंथांत शरभाला आठ पाय असतात, गडावरचा मात्र बहुधा चार पायांचा. वैष्णव परंपरेने याला गंडभेरुंडाने उत्तर दिलं. दोन डोक्यांचा हा प्रचंड पक्षी म्हणजे विष्णूचं रूप, शरभालाही भारी. कर्नाटकाच्या राजचिन्हात तो आजही आहे. गडावर मात्र या पंथांच्या चुरशीपेक्षा बळाची घोषणा महत्त्वाची. हत्ती म्हणजे शत्रूचं सैन्य, आणि त्याला पंजाखाली धरणारे आम्ही. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर आणि शिवनेरीवर ही शिल्पं निवांत पाहता येतात.

शरभ दिसला म्हणून गड अमुकच राजवटीचा, असा निष्कर्ष काढू नये. हे शिल्प सुलतानांच्या किल्ल्यांवरही आहे आणि मराठ्यांच्याही. शिवाय जुन्या दरवाज्याचा दगड नव्या तटात बसवण्याची पद्धत सर्रास होती. दोन शरभांची तोंडं एकमेकांकडे नसतील, मापं जुळत नसतील किंवा एखादा आडवा बसला असेल, तर दगड दुसरीकडून आलेला आहे असं खुशाल समजावं.

कीर्तिमुख देवळाचं. बटबटीत डोळे, उघडं तोंड, पण खालचा जबडा नाही, धडही नाही. शंकराच्या क्रोधातून जन्मलेल्या एका भुकेल्या गणाला भक्ष्य नाकारलं गेलं, तेव्हा स्वतःलाच खा, असं शंकराने सांगितलं. त्याने पायापासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. प्रसन्न झालेल्या शंकराने त्याला आपल्या दारी जागा दिली. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध जी देवता असते ते ललाटबिंब. गणपती असेल तर गणेशपट्टी म्हणतात.

गडावरचा मारुती हात जोडलेला क्वचितच असतो. उजवा हात चापट मारायला उगारलेला, शेपटी डोक्यावर वळलेली, पायाखाली राक्षसी. या उगारलेल्या हाताच्या मुद्रेला चपेटदान म्हणतात आणि पायाखालची ती पनवती. गडाची देवी मात्र पुष्कळदा तांदळा असते : नाकडोळे न कोरलेला, शेंदराने माखलेला नुसता दगड. शिवनेरीची शिवाई, रायगडाची शिर्काई, तोरण्याची मेंगाई, राजगडाची पद्मावती अशी प्रत्येक गडाची आपली देवी आहे.

वीरगळ

गडाच्या पायथ्याच्या गावात देवळाबाहेर उभे दगड असतात, चौकटी पाडलेले. लढताना पडलेल्या माणसाची ती स्मृती, वीरगळ. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली मरणाचं कारण : पायदळाची झुंज, घोडेस्वार, किंवा गाई चितारल्या असतील तर गोधन सोडवताना आलेलं मरण. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश, आणि चंद्रसूर्य : ते असेतो याची कीर्ती राहो. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर खालच्या चौकटींत गलबतांची समुद्रलढाई आहे, वल्ह्यांसकट.

शेजारी कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. लेख आणि त्याखाली गाढव असेल तर गधेगाळ. दिलेलं दान जो मोडील त्याला घातलेली ती शिवी आहे.

या दगडांना आज सर्वांत जास्त इजा प्रेमाने होते. ऑइलपेंट फासला की दगडातली ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत रंगाबरोबर कोरीव कामाचा पापुद्राही सुटतो. सिमेंटच्या कट्ट्यात बसवताना खालची चौकट गाडली जाते, म्हणजे माणूस कशाने मेला एवढीच माहिती नेमकी जाते. गावात असं काम निघालं तर आधी दगड पूर्ण मोकळा करून चारी बाजूंनी फोटो काढावेत, त्याची मूळ जागा आणि तोंडाची दिशा लिहून ठेवावी, आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. अक्षरं दिसत नसतील तर खडू किंवा पीठ भरू नये. सकाळी लवकर तिरपं ऊन असताना फोटो घ्यावा, किंवा अंधार पडल्यावर एका बाजूने विजेरी धरावी.